आ वासून बसलेला शिंपला

या, असे पुढे या. भिंतीला टेकून बसणाऱ्यांना कथा अर्धी ऐकू येते आणि डुलकी मात्र पूर्ण लागते, असा माझा सगळ्या देवळांतला अनुभव आहे. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे, मांडीला मांडी लावून बसा. आजचं आख्यान पुराणातलं नाही. ते सदाशिव पेठेतलं आहे, दुसऱ्या मजल्यावरचं. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक पेटी वाजवणारे गृहस्थ आहेत, त्यांची पत्नी आहे आणि एक शिंपला आहे. शिंपल्यावर काय सांगणार, असं वाटत असेल तर चपला बाहेरच आहेत. पण बसलात तर उठताना मन जरा हलकं होऊन उठाल, एवढं मी पदरचं सांगतो.

नीरजाबाई कीर्तन करायच्या. 'करायच्या' म्हणताना माझी जीभ अडते, पण कथेच्या सुरुवातीला तसंच म्हणावं लागेल. पूर्वरंगात त्या अशा काही बोलायच्या, की शेजारणीशी भाजीचे भाव बोलत असाव्यात. ऐकणाऱ्याला वाटे, ही बाई मला काही शिकवत नाहीये. आणि उत्तररंगात सुदाम्याच्या पोह्यांची पुरचुंडी सोडायला लागल्या, की पहिल्या रांगेतल्या बायका आपापल्या पदराच्या गाठी चाचपायच्या. आवाज पेटीच्या काळी चार पट्टीचा, स्वच्छ, समईच्या ज्योतीसारखा सरळ. त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे, पेटीवर शरच्चंद्रराव. टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलेला माणूस, पण स्वतःचं बोलणं कमी. लोक बुक्का लावून घ्यायला पुढे येत, नीरजाबाईंच्या पाया पडत आणि जाता जाता शरच्चंद्ररावांना म्हणत, जरा सरकता का, रांग अडतेय.

तर या नीरजाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. साधी होती, काढली, देवाची कृपा. डॉक्टरांनी काही आठवडे मौन सांगितलं. ते संपलं. मग डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बोलायला लागा, काही हरकत नाही. आणि नीरजाबाई बोलेनात.

हट्ट नव्हता तो. एका सकाळी देवघरापुढे त्यांनी तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि पुन्हा मिटलं. शरच्चंद्रराव स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. त्यांना सगळं कळलं. जोवर बोललेलं नाही, तोवर आवाज गेला असं कुणी म्हणू शकत नाही. बोलले आणि तो नसलाच, तर? हा प्रश्न ज्याने आयुष्यभर आवाजावर देव उभा केला त्यालाच पडतो, तुम्हाआम्हाला नाही. आपला आवाज गेला तर घरचे नवस फेडतील.

शरच्चंद्ररावांनी पेटीला हात लावणं सोडलं आणि उपचारांना हात घातला. ज्येष्ठमध, हळद-दूध, मफलर. पुण्यातल्या चैत्रात मफलर. बाई गॅलरीत गेल्या की हे मागे, वारा लागेल. खुर्चीत बसल्या की हे समोर स्टुलावर, तोंडाकडे बघत, एखादा शब्द आलाच तर खाली पडू नये म्हणून जणू ओंजळ धरून. प्रेम होतं हो, अगदी निखळ. पण कढीला उकळी येते का हे बघायला कुणी पातेल्यावरच डोकं धरून बसलं, तर कढीलासुद्धा संकोच वाटेल.

त्यांचा मुलगा केदार हिंजवडीत नोकरीला. आईचं मन रमावं म्हणून त्याने खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय आणून बसवलं. काचेची पेटी, तळाला पांढरी वाळू, दगड, आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. नीरजाबाई त्याच्यासमोर बसायला लागल्या. पोथी वाचावी तशा बसायच्या. आणि एका संध्याकाळी त्यांनी शरच्चंद्ररावांना खुणेने बोलावलं. दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवले, मनगटाकडून जुळलेले, आणि बोटांकडून हळूच उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

आजारपणानंतर बाईंनी प्रथमच काही मागितलं होतं. शरच्चंद्ररावांनी धावत जाऊन निरांजन लावून आणलं, कारण त्यांना तो नमस्कार वाटला. बाईंनी मान हलवली. मग पोथी आणली. मग पुऱ्यांचं पीठ भिजवलं. मग अडकित्ता आणला, आणि तो बघून बाई बिनआवाजाच्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी केदारला व्हिडिओ कॉल लावला. तो कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या पुलावर अडकला होता. त्याने एका दृष्टिक्षेपात सांगितलं, बाबा, आईला टँकमध्ये शिंपला हवाय, जिवंत.

शरच्चंद्ररावांनी त्याच क्षणी ठरवलं, की शिंपला आणीन तर असा, की त्याच्याकडे बघून हिला बरं वाटेल. इथपर्यंत सगळं मंगल होतं. पुढची चूक पुण्याच्या हवेत होते तशी झाली. म्हणजे सल्ल्याने.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या दत्तप्रसादांचा. ते मूळचे कारवारकडचे, शिंपले या विषयात जन्मतः पदवीधर. शरच्चंद्ररावांनी जिन्यात, आवाज खाली घेऊन, निरोगी शिंपला कसा ओळखावा असं विचारलं. दत्तप्रसादांचे डोळे मिटले, चेहऱ्यावर नारळाच्या रसाची आठवण पसरली, आणि ते म्हणाले, "उघडत नाही तो टाकायचा, शरच्चंद्रराव. सरळ हिशेब." हे वाक्य शिजवल्यानंतरचं आहे, शिजवण्याआधी नियम बरोब्बर उलटा असतो, हे सांगायचं ते विसरले. किंवा त्यांना ते सांगण्याइतकं अवघड वाटलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हेही आपण कुणाला सांगत नाही.

दुसरा सल्ला शरच्चंद्ररावांना आतूनच मिळाला. इतकी वर्षं कीर्तनात पेटी वाजवताना त्यांनी शिंपल्याचा दृष्टान्त किती वेळा ऐकला असेल. समुद्राच्या तळातून वर यायचं, स्वाती नक्षत्राच्या थेंबासाठी तोंड उघडून वाट पाहायची, थेंब पडला की त्याचा मोती. खरा भक्त शिंपल्यासारखा असावा, उघडा, आसुसलेला. नीरजाबाई हा दृष्टान्त सांगत तेव्हा शरच्चंद्रराव पेटीचा भाता अगदी हलका धरत. त्यामुळे निरोगी शिंपला म्हणजे आ वासून बसलेला शिंपला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. स्वयंपाकघर आणि परमार्थ यांचं एकाच गोष्टीवर एकमत होणं संसारात फार क्वचित घडतं.

आता सरकारी कामकाज. केदारने बजावलं होतं, की मोठ्या रंगीत शिंपल्यांच्या काही जातींना कायद्याचं संरक्षण आहे, ते घ्यायचे नाहीत. दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणाला असता. शरच्चंद्रराव हे रात्री रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारे. आपण घेऊ तो शिंपला संरक्षित नाही याची खात्री करायला ते एका कचेरीत गेले. पहिल्या टेबलावर विचारलं, प्राणी मोकाट आहे का. दुसऱ्या टेबलावर विचारलं, चावला आहे का. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, काका, हा जिल्हा घाटमाथ्यावर आहे, तुम्ही खाली उतरून समुद्र लागला की विचारा. शेवटी त्यांना दया आली आणि त्यांनी जातींची नावं तोंडी सांगितली. शरच्चंद्ररावांनी ती मंत्रासारखी पाठ केली.

मग सोसायटीचे सेक्रेटरी तात्याराव. शिंपला येणार ही बातमी जिन्याने त्यांच्यापर्यंत पोचली होती. तात्याराव माणूस वाईट नाही, पण नियमावली हीच त्यांची गाथा. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "खाण्याचा की पाळण्याचा?"

"बघण्याचा," शरच्चंद्रराव म्हणाले.

"बघण्याचा असा प्रकार आपल्याकडे नाही. खाण्याचा असेल तर वासाची तक्रार येईल. पाळण्याचा असेल तर लिफ्टमधून नेता येणार नाही."

शरच्चंद्ररावांनी लिफ्टचा हक्क सोडला. तसंही ती चालू नव्हती.

एवढे सोपस्कार करून ते विश्वजीतच्या दुकानात पोचले. कोथरूडच्या एका बोळात याचं माशांचं दुकान, निळ्या दिव्यात भिजलेलं. विश्वजीत पोरगेला, बोलायला गोड. एका काचेत शिंपले मांडले होते. बहुतेक जरासेच किलकिले, काठाशी जांभळट मखमल बाहेर डोकावलेली. आणि कोपऱ्यात एक, चांगला तळहाताएवढा, सताड उघडा. आतलं सगळं दिसत होतं. शरच्चंद्ररावांना भरून आलं. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

विश्वजीत म्हणाला, काका, तो नको, त्याच्याऐवजी हा घ्या, हा एकदम ॲक्टिव्ह पीस आहे. आणि इथे शरच्चंद्ररावांचं पुणेकरपण आड आलं. ज्या गावात दुकानदाराचं काम गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं हेच असतं, त्या गावात दुकानदार 'नको' म्हणाला की वस्तू उत्तम असते आणि ती त्याने स्वतःच्या मेव्हण्यासाठी ठेवलेली असते. त्यांनी तोच मागितला. विश्वजीतने आणखी एकदा सांगून पाहिलं, मग हात जोडले आणि पिशवीत पाणी भरलं.

घरी नीरजाबाईंनी तो शिंपला वाळूवर टेकलेला पाहिला. बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली. शरच्चंद्ररावांना ती कौतुकाची वाटली.

सकाळी पाणी ताकासारखं झालं होतं आणि वास जिन्यात उतरून तात्यारावांच्या दारापर्यंत गेला होता. शिंपला कालच्याइतकाच उघडा होता, कारण तो कालही जवळजवळ मेलेलाच होता. नारिंगी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मिटत-उघडत होते. केदारचा फोन लागला. तो ओरडला नाही, शांतपणे म्हणाला, आधी तो बाहेर काढा, मग निम्मं पाणी बदला, मीठ त्या बरणीत आहे.

इतकं पाणी कालवायला घरात एकच भांडं होतं. न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ, शरच्चंद्ररावांच्या आईच्या वेळचं, चिंचेने घासून लखलखीत. त्यात पाणी कालवायला ते बसले. तांबं म्हणजे शुद्ध, तांब्यातलं पाणी पिऊन माणूस शंभर वर्षं जगतो. केदारने व्हिडिओवर ते घंगाळ पाहिलं आणि मात्र ओरडला. शिंपल्यासारख्या जिवांना तांबं विष आहे, असं त्याचं म्हणणं. जुन्या मित्राविषयी भलतंच ऐकून कुणी त्याच्याकडे पाहावं, तसं शरच्चंद्ररावांनी घंगाळाकडे पाहिलं. मग दत्तप्रसादांनी प्लास्टिकच्या बादल्या दिल्या, तात्यारावांनी नाकाला उपरणं लावून स्वतः एक वर पोचवली, आणि जिन्याच्या पायरीपायरीवर खारं पाणी सांडत गेलं. मासे वाचले. जिन्याला मीठ फुटलं. तात्यारावांनी दुपारी पाटी लावली, 'जिन्यात समुद्र आणू नये. आणल्यास पुसावा.'

संध्याकाळी शरच्चंद्रराव गॅलरीत बसले होते. नीरजाबाई येऊन शेजारी बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढंच. पण शरच्चंद्ररावांना वाटलं, हिने एक गोष्ट मागितली आणि मी हिला मढं आणून दिलं.

केदारने त्या दिवशी बापाला शिंपल्याचं शास्त्र नीट सांगितलं, आणि ते ऐकण्यासारखं आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो. शिंपल्याला उघडायला काही बळ लागत नाही. मागची बिजागरी त्याला आपोआप उघडते. बळ लागतं ते मिटायला, आणि आपल्या मर्जीने हवं तेवढंच उघडं राहायला. जो सताड उघडा दिसतो तो भक्तीने उघडलेला नसतो, त्याच्या अंगातला जोर गेलेला असतो. तेव्हा वरून हात फिरवायचा. सावली पडताच जो चटकन मिटतो तो ठणठणीत. पाहा तर, देवाने त्याला हात दिले नाहीत, पाय दिले नाहीत, आवाज तर नाहीच नाही. दिवसभर बसल्या जागी घाण पाणी आत घ्यायचं आणि निर्मळ करून बाहेर सोडायचं, हे एकच व्रत. मला विचाराल तर संताची लक्षणं सांगताना आपण दूरदूरचे दाखले देतो, हा मात्र वाळूत बसलेला असतो.

शरच्चंद्रराव पुन्हा विश्वजीतकडे गेले. मान खाली घालून म्हणाले, तुम्ही 'नको' म्हणालात ते खरंच नको होतं, मला सवय नाही. विश्वजीतने चहा मागवला. मग शरच्चंद्ररावांनी काचेवर, विभूती लावावी तसा, हळूच हात फिरवला. एक शिंपला सुस्तपणे मिटला. एक मिटलाच नाही. आणि एक लहानसा, करड्या पाठीचा, जांभळ्या काठाचा, सावलीचं टोक लागायच्या आत खट्कन बंद. पाहुण्याची चाहूल लागताच दार लावून घेणं हे उत्तम प्रकृतीचं लक्षण आहे, हे शास्त्र सदाशिव पेठेला नवीन नव्हतं. "हा आमचाच," शरच्चंद्रराव म्हणाले.

तो घरी आला. वाळूत जरा रुतून बसला आणि तासाभरात किलकिला झाला. काठावरची मखमल बाहेर आली, तिच्यावर निळे ठिपके, साक्षात पैठणीचा पदर. नीरजाबाईंनी हात जोडले. शरच्चंद्रराव आनंदाने पुढे झाले आणि खात्री करायला वरून हात फिरवला. खट्. उत्तम. जेवणाआधी पुन्हा बघितलं. खट्. जेवणानंतर. खट्. सकाळी दात घासता घासता वाकून पाहिलं, मिटला. पेपर हातात घेऊन पाहिलं, मिटला. देवाची पूजा झाल्यावर तीर्थाचं भांडं हातात घेऊनच पाहिलं, मिटला. नीरजाबाई खुणा करत होत्या, पण शरच्चंद्ररावांचं लक्ष शिंपल्यावर. हळूहळू असं झालं, की तो उघडेचना. थोडासा उघडायला लागला की यांचा चेहरा वर येई, आणि पुन्हा बंद.

शरच्चंद्ररावांना वाटलं, हाही गेला. त्यांनी दत्तप्रसादांना बोलावलं. दत्तप्रसादांनी वाकून पाहिलं आणि आता सावधपणे म्हणाले, बंद आहे म्हणजे चांगला, कच्चा असताना. तात्याराव आले. वाकून वास घेतला, वास नव्हता, तक्रार नव्हती, जरा निराश झाले. दुकानातून विश्वजीतही येऊन पोचला, वाकला, कपाळाला आठ्या. दुपारची वेळ, गॅलरीतून तिरपं ऊन आत आलेलं, आणि त्या काचेच्या पेटीवर चार मोठ्या माणसांची चार डोकी एखाद्या सोहळ्यातल्या मंडपासारखी पसरलेली. शरच्चंद्रराव म्हणत होते, माझ्या हातूनच असं होतं, मी हिला साधा एक शिंपला देऊ शकत नाही.

"अहो, बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

चौघेही तसेच वाकलेले राहिले. मग तात्याराव आधी सरळ झाले, आणि मग बाकीचे, एकेक पाऊल मागे. नीरजाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. एक हात गळ्याशी गेला होता, आपण काय केलं ते आत्ता कळल्यासारखा. आवाज पूर्वीचा नव्हता. जाडसर झाला होता, खाली उतरला होता, जरा खरखरीत, जुन्या सागवानी कपाटाच्या दारासारखा. पण होता. चांगला भरीव होता.

त्यांच्या डोळ्यांत भीती उभी राहिली. आता कळलं होतं, की तो समईच्या ज्योतीसारखा आवाज परत येणार नाही. आवाज आला म्हणून आनंद करावा की आवाज गेला म्हणून गप्प राहावं, हे कुणाच्याच नियमावलीत नव्हतं.

शरच्चंद्रराव कोपऱ्यात गेले, पेटीवरचं कापड काढलं, मांडी घातली आणि भाता सोडला. काळी चार दाबली, मान हलवली, सोडून दिली. एक पट्टी खाली. नाही. आणखी खाली. डोळे मिटून, त्या एका 'अहो'चा सूर कानात धरून, बोटाने एकेक पट्टी चाचपत ते उतरत गेले, आणि पांढरी चारवर थांबले. ती धरून ठेवली. डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

"इथं आहेस तू," ते म्हणाले. "इथून गाऊ."

नीरजाबाईंनी त्या सुराकडे बघत श्वास घेतला. मग अगदी हळू, जमिनीवर नुसतं पाऊल टेकवावं तसा, त्यात आवाज मिसळला. दत्तप्रसाद भिंतीशी बसले. विश्वजीतला काय चाललंय ते कळलं नसावं, पण तोही बसला. शिंपला केव्हा उघडला ते कुणीच पाहिलं नाही.

आता नीरजाबाई पुन्हा उभ्या राहतात, छोटं कीर्तन करतात, पांढरी चारमध्ये. मी ऐकलंय. पूर्वी सुदाम्याचे पोहे डोळ्यांपुढे दिसायचे, आता त्याची गरिबीही ऐकू येते. शिंपल्याचा दृष्टान्त त्या अजून सांगतात, फक्त आता त्यात थोडं बदलून सांगतात, आणि ते सांगताना डावीकडे बघून हसतात.

नीरजाबाईंच्या गळ्यासाठी देवाला सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, ती त्यांना विसरणार नाहीत. तुम्हाला माझं मागणं एवढंच, की त्यांच्या कीर्तनाला गेलात, बुक्का लावून घेतलात, पाया पडलात, की लगेच उठू नका. जरा डावीकडे वळा. तिथे एक गृहस्थ पेटीवर कापड घालत असतील. रांग अडली तर अडू द्या. त्या शरच्चंद्ररावांचं नाव घ्या, आणि घरी देवापुढे उभे राहाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा.